खराट्यांच्या खोलीची कडी

माझी आत्या शाळेत शिपाई. सगळी शाळा तिला मावशी म्हणते. तोंडाने फटकळ, पण पोरांवर जीव. "फरशी ओली आहे, थांबा तिथंच," असं म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनाही ती दारात उभं ठेवायची.

पाचवीत एक मुलगी होती. तिच्या चेहऱ्यावर, हातांवर कोडाचे पांढरे डाग. आत्या तिला चिमणी म्हणे. वर्गातली पोरं काय म्हणत, ते मी लिहिणार नाही. ती ज्या नळाला पाणी पिई, त्या नळाला कुणी तोंड लावत नसे. एकदा पोरांनी तिचा डबाच गटारात उपडा केला. आत्याने तिला हाताला धरून खराटे-बादल्यांच्या खोलीत नेलं, स्टूल दिलं, स्वतःची भाजीपोळी दिली.

"इथं बसून खा. कोण येतो तेच बघते मी."

बाहेरून कडी घातली आणि सुट्टी संपेपर्यंत दारापुढेच झाडत राहिली. मग ते रोजचंच झालं.

मुख्याध्यापिकाबाईंना ही सोय भलतीच आवडली. आमच्या मुलाला लागण होईल, अशी एका पालकाने तक्रार केली. कोड लागत नाही, हे त्याला ठणकावून सांगायचं सोडून बाईंनी चिमणीचं बाकच त्या खोलीत हलवलं. ऐकून माझं डोकंच फिरलं. आत्या तर तरातरा ऑफिसात गेली.

"बाई, समज द्यायची ती त्या पोरांना द्या. हिला का कोंडता?"

"मावशी, कोंडायला सुरुवात तुम्हीच केलीत ना?"

आत्या त्या दिवशी घरी आली ती जेवलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पेचकस नेला आणि कडी काढून टाकली.

"चिमणे, गणिताचा तास आहे. पहिला हात तुझाच वर असायचा ना? ऊठ, मी येते वर्गापर्यंत."

चिमणी दारावर कडीच्या जागी उरलेल्या भोकांकडे बघत राहिली. जागची हलली नाही. तिच्या वर्गशिक्षिकेलाच घेऊन येते, म्हणून आत्या वर गेली. दोघी परत आल्या, तर दार उघडेना. चिमणीने आतून बाक ओढून दाराला लावलं होतं.

आत्याने हाका मारल्या, गोंजारलं, रागावलीसुद्धा. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"मावशी, कडी परत लावा ना."

आत्या तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडली.