सहाव्या मजल्यावरची हवा

समाधान ढोबळे वाकडच्या त्या काचेच्या इमारतीत कामाला लागला तो मेहुण्याच्या शब्दावर. चाकणच्या कंपनीतलं कंत्राट संपून आठ महिने झाले होते. धाराशिवहून आणलेला संसार गुंडाळून परत न्यायची वेळ आली, तेव्हा बायकोचा थोरला भाऊ रणजीत म्हणाला, "दाजी, माझ्याकडं या. मशिनचं तुम्हाला कळतं, बाकीचं मी बघतो." रणजीत त्या इमारतीचा देखभाल मॅनेजर. त्यानं काम दिलं, आणि दापोडीत स्वतःच्या घरावरची खोलीही राहायला दिली. बहिणीचा नवरा म्हणून तो चारचौघांतसुद्धा समाधानला 'दाजी' आणि 'तुम्ही' म्हणायचा. साहेब असा मानानं बोलू लागला की नाही म्हणायची सोयच राहत नाही, हे समाधानला पुढं कळलं.

इमारत दहा मजली, हरित म्हणून प्रमाणपत्र मिळालेली. गच्चीवर सोलरच्या पाट्या, पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला खड्डे, ऊन अडवणाऱ्या दुहेरी काचा. समाधानला याचा अभिमान वाटायचा. गावाकडून कुणी आलं की तो मोबाइलवर फोटो दाखवायचा. खिडकी मात्र एकही उघडत नसे. बाहेरची हवा आत यायची ती गच्चीवरच्या यंत्रातून, एका मोठ्या झडपेवाटे. तिला सगळे डॅम्पर म्हणत. डॅम्पर किती उघडायचा ते तळघरातल्या कंट्रोल रूममध्ये बसून समाधान ठरवायचा.

म्हणजे, फेब्रुवारीपर्यंत ठरवायचा.

"दाजी, आजपासून डॅम्पर पाच टक्क्यांवर ठेवा," रणजीत म्हणाला. "यंदा प्रमाणपत्राचं नूतनीकरण आहे. बाहेरची गरम हवा आत घेतली की ती गार करायला वीज जाते. विजेचा आकडा खाली दिसला पाहिजे."

"पण प्रमाणपत्राला ताज्या हवेचेही गुण असतात ना? दर आठवड्याला कार्बन डायऑक्साइडचं रीडिंग लिहावं लागतं."

"लिहा की. सकाळी सातला घ्या रीडिंग."

सातला इमारतीत चिटपाखरू नसायचं. मीटर चारशेवीस दाखवायचा, मोकळ्या रानासारखी हवा. समाधान फाइलमध्ये आकडा लिहून सही करायचा. मार्चमध्ये एकदा मात्र त्याला राहवलं नाही. दुपारी तीनला मीटर खिशात घालून तो सहाव्या मजल्यावर गेला. तिथं सव्वादोनशे पोरंपोरी फोनवर बोलत होती, निम्मी जांभया देत होती. आकडा हजाराच्या आत असायला हवा. मीटर अठराशे चाळीस दाखवत होता. त्यानं तो झटकला, पुन्हा धरला. अठराशे साठ.

त्याच मजल्यावर छबूबाई सफाईला होती. पुनावळ्याची, पंचावन्न वर्षांची. जमीन गेली तरी हाताला कामाची सवय, घरी बसवत नाही म्हणून येणारी. ती खांबाला टेकून बसली होती.

"काय झालं, मावशी?"

"डोस्कं फुटतंय रं बाबा. रोजचंच हाय. डाक्टर म्हनला बीपी हाय. गोळी चालू केलीय, पर काय फरक न्हाई. सुट्टीच्या दिवशी घरी मातुर बरं असतं बघ."

समाधाननं मीटर खिशात ढकलला. "पाणी पीत जा, मावशी," एवढंच म्हणून तो जिन्यानं खाली आला.

रात्री जेवताना त्यानं बायकोला, योगिनीला सांगितलं. ती ताटातला भात चिवडू लागली. "दादाला तोडून बोलू नका," ती म्हणाली. "आपण त्याच्या डोक्यावर राहतोय." खालच्या मजल्यावरून रणजीतच्या टीव्हीचा आवाज येत होता. समाधानला वाटलं, इथलीही झडप पाचच टक्के उघडी आहे.

एप्रिल तसाच गेला. रोज कंट्रोल रूममध्ये बसायचं, पडद्यावर तो पाचाचा आकडा बघायचा, बोट एका बटणावर न्यायचं आणि मागं घ्यायचं. छबूबाईची गोळी दुप्पट झाली. दोनदा ती जिन्यात डुलकी घेताना सापडली, सुपरवायझरनं तिला सगळ्यांसमोर झापलं. समाधान तिथंच होता, पान्याशी चाळा करत.

मे महिन्यात तपासणीला एक बाई आल्या. त्या दिवशी रणजीतनं पहाटेच डॅम्पर पूर्ण उघडायला लावला होता. बाईंनी सोलर पाहिलं, खड्डे पाहिले, मग फाइल उघडली. पानं उलटता उलटता थांबल्या.

"रीडिंगला वेळ लिहिलेली नाही. किती वाजता घेता?"

प्रश्न समाधानला होता. शेजारी रणजीत उभा होता, हसतमुख.

"सकाळी सातला, मॅडम," समाधान म्हणाला. शब्द बाहेर पडल्यावरच तो दचकला.

बाईंनी मान वर केली. लगेच सहाव्या मजल्यावर जाऊन स्वतः मोजलं. सहाशे तीस. आकडा चोख होता. त्यांनी एकदा समाधानकडं पाहिलं, वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाल्या, "यापुढं वेळेचा रकाना ठेवा." बस. पंधरवड्यात प्रमाणपत्र आलं. डॅम्पर तपासणीच्याच संध्याकाळी पुन्हा पाचवर गेला होता.

रणजीतनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "दाजी, तुम्हाला बाहेर काही बघायचं असेल तर सांगा. मी ओळख काढतो." आणि रविवारी नेहमीसारखं मटण वर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तो छबूबाईला शोधत गेला.

"मावशी, तुमचं डोकं बीपीनं दुखत नाही. इथं हवाच सोडत नाहीत. मीच बंद ठेवतो."

ती पोछा पिळत होती. हात थांबले. "तुला कवापास्नं ठावं हाय?"

"मार्चपासून."

"आन मी गोळ्या खात बसले व्हय?" तिनं बादली उचलली. "आमी म्हशींच्या गोठ्याला बी झरोका ठिवायचो रं."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. पण त्याच दिवशी रणजीतच्या केबिनबाहेर उभी राहून ती सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, हवा सोडा, न्हाईतर ह्या पोरास्नी सांगते तेंची डोस्की का दुकत्यात ते." रणजीतनं तिला आत बोलावून चहा पाजला. महिनाअखेरीला तिनं काम सोडलं आणि पुनावळ्यातल्याच एका बालवाडीत लागली.

ती गेल्यावर समाधाननं डॅम्पर दुपारी दोन ते चार चाळीस टक्क्यांवर न्यायला सुरुवात केली, कुणाला न विचारता. पडद्यावरचा प्रत्येक बदल रणजीतच्या मोबाइलवर दिसतो हे त्याला माहीत होतं. पहिल्याच दिवशी सव्वादोनला फोन वाजला. नाव रणजीतचंच. समाधाननं उचलला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, मग फोन बंद झाला.

आजही ते दोन तास चालू आहेत. रणजीत त्यावर बोलत नाही, समाधानही बोलत नाही. उरलेला दिवस झडप पाचवरच असते. वेळेच्या रकान्यात समाधान 'दुपारी ३' लिहितो, आणि तेव्हाचा आकडा खरा असतो. सकाळी अकराचा, भरल्या मजल्यावरचा आकडा मात्र कोणत्याच रकान्यात येत नाही. राहायला रणजीतच्या घराऐवजी दुसरी खोली तो बघतोय. योगिनीला अजून सांगितलेलं नाही.