पाहुण्यांना दिलेली पाचवी खोली

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझी मलाच लाज वाटते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मी गोराईच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात होतो. नाताळ ते नववर्ष हा तिथला सुगीचा काळ. पावसाळ्यात रिकाम्या पडलेल्या खोल्यांना तेव्हा दहा गिऱ्हाइकं असतात.

दोन जानेवारीला सकाळी खोल्या भाड्याने देणारा एक गृहस्थ मिसिंग नोंदवायला आला. म्हातारी आई कालपासून घरात नाही, म्हणाला. आम्ही वर्णन लिहून घेतलं, फोटो सगळीकडे पाठवला.

दुपारी त्याची शेजारीण, एक कोळीण, ठाण्यात आली. "साहेब, म्हातारी काल नाय गेली. दर नाताळात पोरगा तिची खोली पावन्यांना देतो, ती वर्सोव्याला लेकीकडे जाते. यंदाबी नाताळाआधीच पिशवी घेऊन जेटीवर गेलेली, मी पाहिली ना!"

लेकीला फोन लावला. आई तिच्याकडे पोचलीच नव्हती; यंदा ती येणार नाही, असंच लेकीला वाटलं होतं.

मी मुलाला समोर बसवलं.

"आई परवा कुठे झोपली होती?"

"तिच्या खोलीत, साहेब."

पाहुण्यांची वही मागवली. त्याच्या भाड्याच्या खोल्या चार, पाचवी आईची. पाचवीत चोवीस तारखेपासून घाटकोपरचं कुटुंब होतं. त्या नोंदीखाली बंदोबस्ताच्या फेरीत केलेली माझीच सही होती.

"मग आई पाहुण्यांच्यात झोपली का रे?"

तो ढसाढसा रडायला लागला. त्यानेच तिला फेरीबोटीत एकटं बसवून दिलं होतं. घर भरलेलं, म्हणून पोचली का हेही विचारलं नव्हतं. पाहुणे गेल्यावर बहिणीला फोन केला, तेव्हा कळलं. इतके दिवस चौकशी केली नाही, हे सांगायची लाज वाटली म्हणून 'कालपासून' असं सांगितलं.

संध्याकाळी ती बोरिवलीच्या एका रुग्णालयात सापडली, 'अनोळखी महिला' म्हणून. बोटीतून उतरून बसकडे जाताना पडली होती. खुबा मोडलेला, त्यात न्यूमोनिया. शुद्धीत आहे पण पत्ता सांगत नाही, असं नर्स म्हणाली.

"आई, पत्ता का नाही सांगितलात?" मी तिथे जाऊन विचारलं.

"सांगितला तर पोराला यायला लागंल. घरात पावनं हायत, मला झोपवील कुठं?" मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाली, "त्याच्यावर काय लिवू नको हां."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

मुलाला शिव्या घालणं सोपं होतं, मीही घातल्या. पण सही करताना ही खोली एरवी कुणाची, हे मी तरी कुठे विचारलं होतं? पुढे म्हातारं माणूस बेपत्ता झाल्याची तक्रार आली की फोटो मागायच्या आधी मी त्यांची झोपायची जागा दाखवायला सांगायचो. बऱ्याच घरांत ती चटकन दाखवता यायची नाही.