नकाशा मोफत

आर्किटेक्चरची सीट लागल्याचा मेसेज आला त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले नाहीत. बाबांनी चष्मा वर सरकवून मेसेज दोनदा वाचला आणि विचारलं, "किती वर्षं?" मी पाच म्हणाले. डॉक्टरकीएवढी वर्षं आणि पुढे डॉक्टरची कमाई नाही, हे मला ठाऊक होतं. सीट पक्की करायला तीन दिवस होते.

वणीत आमचा छोटा छापखाना होता. एक जुनं ऑफसेट मशीन आणि एक कॉम्प्युटर. खाणकामगारांची मागणीपत्रकं, मोर्चे, कापसाचा भाव, दारूबंदी, सगळ्यांची पत्रकं तिथूनच निघायची. बिघडलेल्या कागदांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. गोष्टीच्या पुस्तकाआधी मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. पत्रकाच्या तळाशी मुद्रकाचं नाव असलंच पाहिजे, याबद्दल बाबा कडक होते. नाव घालू नका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चहा पाजून परत पाठवायचे.

मला आर्किटेक्ट का व्हायचं होतं, तेही यातूनच आलं. झरी जामणीकडच्या एका गावात बाबांसोबत पत्रकं पोचवायला गेले होते. तिथे नवी सिमेंटची घरं उभी राहिली होती, सगळी एका साच्यातली. भर उन्हाळा, आणि माणसं घराबाहेर पळसाच्या सावलीला बसलेली. आत भट्टी होती. एक म्हातारी म्हणाली, आत बकऱ्या बांधून पाहिल्या, त्याही राहत नाहीत. हे घर कोणी आखलं ते गावात कोणालाच सांगता येईना. आमच्या साध्या पत्रकावर नाव असतं, आणि माणसं राहतात त्या घराखाली कोणाचंच नाव नाही. त्या संतापावर मी दोन वर्षं अभ्यास केला.

संतापाला फी लागत नाही, कॉलेजला लागते. नागपूरचं कॉलेज, होस्टेल, लॅपटॉप, मॉडेलसाठी पुठ्ठे आणि फोम. बाबांनी सवयीप्रमाणे हिशोब पत्रकांत मांडला: किती हजार पत्रकं छापली म्हणजे पाच वर्षं निघतील. आकडा पाहून ते हसले. एवढी भांडणंच नाहीत जिल्ह्यात, म्हणाले. मग पेन खिशात लावता लावता म्हणाले, मशीन विकू. चंद्रपूर रोडचा एक जण कधीचा मागतो आहे.



दुसऱ्या दिवशी आई मला गावातल्या एका आर्किटेक्ट ताईकडे घेऊन गेली. ताई नागपूरला शिकून, काही वर्षं नोकरी करून परत आलेली. तिच्या वडिलांचं सळई-सिमेंटचं दुकान, आणि त्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल. आईने बसल्याबसल्या विचारलं, पोरगी शिकून किती कमावेल? ताई कडवट बोलली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे सांगत गेली. पहिल्या नोकरीत बारा हजार मिळायचे, खोली आणि डबा भागवायला घरूनच पैसे मागवावे लागायचे. दहा वर्षं टिकलं, स्वतःची कामं मिळाली, तर बरं चालतं, काहींचं फार चांगलं चालतं. ती दहा वर्षं कोण पोसणार ते आधी ठरवा. इथे तर नकाशाला कोणी पैसेच देत नाही. वास्तूवाला येऊन स्वयंपाकघर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतो, त्याला पाकीट मिळतं. त्याच्यापायी नकाशा पुन्हा काढणाऱ्या ताईला चहा.

"अन् आता तर आमच्या बाबांनी फुकटच करून टाकला," म्हणत तिने टेबलाच्या काचेखालचं पत्रक दाखवलं. सळई-सिमेंट घ्या, घराचा नकाशा मोफत.

तळाशी आमच्या छापखान्याचं नाव होतं. ते पत्रक मीच टाईप केलं होतं. 'मोफत' ठळक करून त्याभोवती चांदणी मीच काढली होती, आणि तेव्हा मला त्यात काहीच दिसलं नव्हतं.

"तुमच्याकडचंच हाय," ताई हसली. "छपाई मस्त झालती वं."

"मंग पोरीले कायले पाठवू मी?" आई म्हणाली.

ताई म्हणाली, "काकू, तुम्ही कमाई विचारली, मी कमाई सांगितली. मले घरं काढाले आजही आवडते. ते तुम्ही विचारलंच नाही."

रस्त्याने आई एवढंच बोलली, "आवडते म्हणे. आवडीले कोणत्या बाजारात भाव हाय?" एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर उत्तर असायचं, पत्रकाच्या भाषेत. 'आम्ही मागे हटणार नाही.' पण पत्रकात 'आम्ही' असतात. इथे मी एकटी होते, आणि विकलं जाणार होतं ते बाबांचं मशीन. मला नापास होण्याची भीती नव्हती. पास होऊन, डिग्री घेऊन, कोणाच्या तरी दुकानामागच्या खोलीत येऊन बसण्याची होती. आणि तोवर बाबा दुसऱ्याच्या मशीनवर कागद लावत असतील याची.

तिसऱ्या दिवशी मी नेट कॅफेत बसले. सीटचे पैसे बाबांच्या खात्यातून जाणार होते, म्हणून ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. ते छापखान्यात होते, चंद्रपूर रोडच्या त्या माणसाला मशीन चालवून दाखवत. मी फोन लावला. धडधडीच्या आवाजात ते एकेक आकडा ओरडून सांगू लागले, आणि पाच आकड्यांवर थांबले.

"बाबा, पुढचा?"

"हा माणूस विचारून राह्यला, सौदा पक्का का म्हणून." मग म्हणाले, "भेव लागून राह्यलं काय तुले?"

"हो."

"मलेही." मशीन बंद झाल्याचं ऐकू आलं. "शेवटचा सांगू का मंग?"

स्क्रीनवरचे सेकंद उतरत होते. मी म्हणाले, "सांगा."

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. बाबा रोज बसने पांढरकवड्याला एका छापखान्यात कामाला जातात. ताईने सांगितलेली दहा वर्षं अजून सुरूही झालेली नाहीत. फीची तारीख जवळ आली की फोन वाजताच पैसे जमले नाहीत की काय, हेच आधी मनात येतं. मग बोलणं संपेपर्यंत मी ड्रॉइंगच्या कागदावर टेकवलेली पेन्सिल उचलत नाही.