चूक नेहमी मशीनची

परब सरांच्या दुकानात ‘माझं चुकलं’ म्हणायला बंदी होती. तशी पाटीबिटी लावलेली नव्हती. पण शिकायला आलेल्या कोणाच्या तोंडून ते शब्द निघाले की सर हातातलं काम टाकून उठायचे, त्या माणसाची चाकाची खुर्ची धरून गर्रकन फिरवायचे आणि त्याला कॉम्प्युटरकडे पाठ करून बसवायचे. मग कंबरेवर हात ठेवून कॉम्प्युटरला झापायचे, तेही मालवणीत. “मेले, लोकांक रडवतंस? लाज वाटणा नाय तुका?” समोरचा माणूस हसेपर्यंत हे चालू राहायचं. तो हसला की खुर्ची पुन्हा सरळ व्हायची आणि शिकवणी पुढे सुरू.

माझी खुर्ची पहिल्याच दिवशी फिरली. विक्रोळीच्या ज्या कारखान्यात मी हजेरीचं काम बघायचे, तिथे सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि माझी गरज संपली. पस्तिशी उलटल्यावर मुलुंड पूर्वेच्या त्या अरुंद गाळ्यात मी मराठी टायपिंग शिकायला गेले. कसलंसं बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. वाटलं, झालं, लावली वाट दुसऱ्याच्या मशीनची. सरांनी माझी खुर्ची फिरवली, मशीनला झापून घेतलं आणि मग मला म्हणाले, “हे बघ वर्षा, चूक नेहमी मशीनची. माणूस चुकेल असं मशीन बनवलं कोणी? त्याला विचार ना.” मी हसले, आणि मग थोडी रडले पण. नोकरी गेल्यापासून घरात, बाहेर, सगळीकडे चूक माझीच होती. पुढे मी त्याच दुकानात कामाला लागले आणि दुकान बंद होईपर्यंत राहिले.

सरांचे वडील परळच्या गिरणीत होते. सर स्वतः टाइपरायटरवर शिकलेले. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावरही टाइपरायटरचीच अक्षरमांडणी, म्हणजे त्याच कळीवर तेच अक्षर, मिळत होती, म्हणून त्यांनी तो दुकानात घेतला, नाहीतर उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता. त्यांच्या मुख्य मशीनला सगळे ‘म्हातारी’ म्हणायचे. तिच्यावर सुमतीकाकींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, जुन्या साडीचं आवरण असायचं. तिला इंटरनेट जोडलेलं नव्हतं. “तिला बाहेरची हवा नको,” सर म्हणायचे. “बाहेरची हवा लागली की अपडेट मागते.”

अपडेट या शब्दावर त्यांचं भाषण ठरलेलं होतं. “तू रात्री झोपलीस. घरमालक आला आणि तुझी उजवीकडची चूल डावीकडे करून गेला. सकाळी तुझा हात भाजला, तर तो वर तुलाच सांगतो, नवीन सोय केली आहे, शिकून घ्या.” दर महिन्याला पैसे भरून वापरायच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारलं की म्हणायचे, “भाड्याच्या पेनाने सही करू? उद्या पेन काढून घेतलं तर माझी सही कोणाची?” दुकानात लग्नपत्रिका छापून घ्यायला आलेली माणसं हे ऐकत उभी राहायची. काही जण कंटाळायचे. मीही कंटाळायचे, खोटं कशाला बोलू. जेवायच्या वेळी पासवर्डचा विषय निघाला की माझा डबा गार व्हायचा.

पण त्यांचा खरा राग होता तो फॉन्टवाल्यांवर. त्या काळी मराठी फॉन्ट करणाऱ्या कंपन्या एकमेकींशी भांडायच्या, आणि प्रत्येकीने अक्षरांना आपापलं कुलूप घातलेलं. एकीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीच्या मशीनवर उघडला की नुसते किडे-मुंग्या. एकदा पार्ल्याच्या एक निवृत्त बाई आपल्या आईच्या आठवणींची फाइल घेऊन आल्या. दुसरीकडे टाइप करून घेतली होती, तो दुकानदार गाशा गुंडाळून गेला होता, आणि फाइल आता कुठेच उघडत नव्हती. सरांनी सगळं काम बाजूला सारलं. ओळखीपाळखीच्या लोकांकडून तो जुना फॉन्ट शोधून आणला आणि बाईंना त्यांच्या आईची पानं वाचता येतील अशी छापून दिली. बाई गेल्यावर बराच वेळ धुसफुसत होते. “यांना कोर्टात काय भांडायचं ते भांडू दे ना. आमची अक्षरं कशाला ओलीस ठेवतात?”

दुकानाच्या शेवटच्या दिवसांत कोणीतरी त्यांना सांगितलं की आता मशीन आपणहून मजकूर लिहितं, तुमच्यासारख्यांची गरजच नाही. सर शांतपणे म्हणाले, “लिहू दे ना. झकास लिहीत असेल. पण पत्रिकेत धाकट्या मावशीचं नाव राहिलं, तर मावशीच्या दारात माफी मागायला मशीन जाणार काय?” ते स्वतः एकदा असे गेले होते. नाव यजमानांनीच दिलं नव्हतं, तरी गेले होते. मावशींनी चहा पाजला, पण लग्नाला काही आल्या नाहीत.

असा हा माणूस हळूहळू विसरायला लागला.

आधी गिऱ्हाइकांची नावं, मग दुकानातून घरी जायचा रस्ता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो पुढे वाढतच जातो हेही सांगितलं. दुकान बंद झालं. म्हातारीला टेम्पोत घालून घरी नेलं आणि खिडकीशी बसवलं. सरांना नातवाचं नाव आठवायचं नाही, जेवण झालं की नाही ते कळायचं नाही, पण म्हातारीपुढे बसले की बोटं बरोबर चालायची. रोज सकाळी आंघोळ करून, देवाला दिवा लावून ते तिच्यापुढे बसायचे आणि एकच ओळ टाइप करायचे. सौ. सुमती गजानन परब. चष्मा वर करून ती ओळ वाचायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायचे, “गो, आज पण आलं बरोबर.”

एकदा काकी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, “मला म्हणतात, जोवर तुझं नाव येतंय तोवर मी शाबूत आहे असं समज. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी समज, मी गेलो.” हे सांगताना त्या हसत होत्या. “रोज सकाळी भाकरी थापता थापता कान तिकडे असतो गं माझा. त्यांचं ‘आलं’ ऐकू येईपर्यंत तवा ठेवत नाही.”

म्हणजे त्या घराचा अख्खा दिवस त्या एका ओळीवर उभा होता. मला तेव्हापासून म्हातारीचीच काळजी वाटायची. तिचा पंखा घरघरायला लागला की मी झाकण उघडून धूळ पुसायचे. सुटे भाग मिळेनासे झाले होते. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं ती दुसऱ्या कोणीतरी गिळली होती आणि नव्या मालकांना जुन्या गिऱ्हाइकांशी देणंघेणं नव्हतं. सॉफ्टवेअर चालायला मशीनच्या मागे कंपनीने नक्कल होऊ नये म्हणून दिलेलं एक बोटभर इलेक्ट्रॉनिक कुलूप लावावं लागायचं, आणि नव्या मशीनना ते लावायला जागाच नसते.

व्हायचं ते झालं. मी बहिणीकडे चिपळूणला गेलेली असताना म्हातारी बंद पडली. जळका वास आला आणि संपलं. मिलिंद, सरांचा मुलगा, बंगळूरला असतो. आईने रडत फोन केल्यावर तो दुसऱ्या दिवशी विमानाने आला, चांगल्यातला लॅपटॉप घेऊन. वडिलांना दिसावं म्हणून पडदा मोठा घेतला, अक्षरं मोठी केली, मराठी बसवून दिलं. स्वतः टाइप करून बघितलं, छान चालत होतं. पोराने जीव लावून केलं सगळं. फक्त त्याने मराठी टाइप केलं ते आजकालची मुलं करतात त्या पद्धतीने, इंग्रजी एस दाबला की स उमटतो तसं, आणि टाइपरायटरची मांडणी अशी काही वेगळी गोष्ट असते हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं.

मी परत आले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता आणि सर पलंगाच्या कडेला बसले होते. काकींनी मला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं.

मिलिंद बंगळूरला परत गेल्याच्या दुसऱ्या सकाळी सर नेहमीसारखे आंघोळ करून, दिवा लावून बसले. टाइप केलं. वाचलं. मग खाली पुन्हा टाइप केलं. काकी थांबून राहिल्या, पण ‘आलं’ ऐकू येईना. शेवटी सरांनी हाक मारली, “गो, तुझं नाव काय?”

“सुमती.”

“तेच तर लिहितोय मी.”

पुन्हा टाइप केलं. पडद्याशी डोळे नेऊन वाचलं. मग लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, “माझंच चुकतंय.”

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी लिहिलेलं तसंच होतं. एकाखाली एक ओळी, कशाचा कशाला अर्थ नाही. मी त्या ओळींकडे बघत टेबलावर बोटं ठेवली. सरांनी शिकवलेली मांडणी माझ्याही बोटांत आहे. एकेका अक्षराखालची कळ मनात धरून मी उलटं वाचत गेले. सौ. सुमती गजानन परब. खालच्या ओळीतही तेच. त्याच्याही खाली तेच. एकाही ओळीत एक कळसुद्धा चुकली नव्हती. त्यांना सगळं आठवत होतं. त्या सकाळी त्या माणसाला आपल्या बायकोचं नाव पुरतं आठवत होतं, आणि मशीनने त्याला सांगितलं की तू विसरलास.

काकींना हे सांगितलं तेव्हा त्या चहाचं आधण ठेवता ठेवता वळल्या. “म्हणजे आलं होतं?” त्यांनी विचारलं. “आलं होतं ना गं?”

मांडणी बदलायला वेळ लागला नाही. सेटिंगमध्ये एक यादी असते, तिच्यात अगदी तळाशी जुन्या टाइपरायटरचं नाव होतं. ते निवडलं, झालं. चहाला आधणही आलं नव्हतं. मी बाहेर जाऊन सरांसमोर खाली बसले आणि म्हटलं, “सर, तुमचं काही चुकलं नव्हतं. मशीनची चूक होती. मी आत्ता बघितलं.”

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी ते चांगले भानावर होते. “खुळी की काय तू,” ते म्हणाले. “असं आपण समोरच्याला धीर द्यायला म्हणतो गो.”

मी त्यांना हात धरून उठवायला गेले, तर त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. लॅपटॉपला त्यानंतर त्यांनी बोट लावलं नाही. मी रविवारामागून रविवार गेले. समजावलं, एकदा तर चिडले सुद्धा. डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं. होणार असेल. पण त्या माणसाने उभ्या आयुष्यात किती जणांच्या डोक्यावरून चुकांचं ओझं उतरवलं, आणि त्याचं स्वतःचं उतरवणारं कोणीच निघालं नाही, याचा मला आजही संताप येतो. कोणावर काढू तेही कळत नाही. मिलिंदवर नाही. तो बिचारा अजून विचारतो, बाबांना लॅपटॉप का नाही आवडला? काकींनी त्याला सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

सर गेल्या शिमग्याच्या आधी गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही.

त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले होते. मला ते तोपर्यंत ‘तुम्ही’ म्हणायला लागले होते. काकी म्हणाल्या, एकदा शेवटचं करून बघ. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीजवळ ठेवला आणि ती ओळ मीच टाइप केली. जुन्या कळांवर, त्यांनी शिकवली तशी. सरांची नजर पडद्यावर गेली. चष्मा वर केला. ओठ हलवत, बोट न टेकवता, एकेक अक्षर तपासत वाचलं, जसे ते प्रत्येक पत्रिकेचं नाव वाचायचे. काकी दारात उभ्या होत्या. तवा गॅसवर नव्हता.

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “एकही चूक नाही. छापायला द्या.” मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “कोणाचं काम आहे?”

काकी पुढे आल्या. “माझं आहे,” त्या म्हणाल्या.

सर लगबगीने सरकले आणि पलंगावर जागा करून दिली. “बसा ना बाई, उभ्या कशाला? नाव छान आलंय तुमचं.”

काकी त्यांच्या शेजारी बसल्या, आणि पदर सावरून म्हणाल्या, “हो. बघितलं मी.”