ट्रॉलीपाशी बसणाऱ्या पुतळाबाई

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको जरिना म्हणते, मी जन्मलो तेव्हा रडलो नसेन, सुइणीवर खेकसलो असेन. म्हणू दे. पण पुतळाबाईंबद्दल गावात जे बोललं जातं ते ऐकून माझं डोकं फिरतं, आणि त्यावर तोंड उघडायचा हक्क सगळ्यात कमी मलाच आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या अलीकडं. गाव आणि डांबरी रस्ता यांच्या मधे ओढा, ओढ्यावर जुना दगडी पूल, आणि पुलाच्या गावाकडच्या तोंडाला माझं सायकलचं दुकान. हंगाम सुरू झाला की कारखान्याला जाणारा सगळा ऊस माझ्या डोळ्यांसमोरून जायचा. पुलाची मधली कमान फुगलेली होती, दगडांमधला चुना गळून गेला होता. म्हणून एका वेळी एकच भरलेली ट्रॉली न्यायची, असं ठरलेलं होतं. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असायच्या. मागची गावाकडं सोडायची, चाकाखाली दगड लावायचा, पुढची पलीकडं चहाच्या हॉटेलापाशी उभी करायची आणि परत येऊन मागची न्यायची. यात अर्धा तास जायचा.

आता भरलेली ट्रॉली रस्त्यावर एकटी उभी दिसली की येणारा-जाणारा ऊस ओढणारच. शाळेतली पोरं ओढतात, बाजाराला निघालेली चांगली टोपीवाली माणसंही ओढतात. मीसुद्धा ओढलाय, खोटं कशाला बोलू? पलीकडं हॉटेलवाला लक्ष ठेवायचा. अलीकडं मात्र प्रत्येक ड्रायव्हरला आपलं माणूस बसवावं लागायचं. सोमनाथच्या ट्रॉलीपाशी त्याची आई बसायची. त्याच पुतळाबाई.

बौद्धवस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा लवकर गेला, सोमनाथ एकुलता एक. तो गावातल्या एका बागाईतदाराचा ट्रॅक्टर चालवायचा. पुतळाबाई ट्रॉलीच्या सावलीत पोतं टाकून बसायच्या, हातात बाभळीचा फोक, पण तो कधी कुणावर उगारल्याचं मी पाहिलं नाही. पोरं आली की स्वतःच एक ऊस काढून तुकडे करून द्यायच्या आणि म्हणायच्या, "हे घ्या, आन आता दुसऱ्याला हात लावू नका." बाकी वेळ माझी फिरकी घ्यायच्या.

"फारुकभाई, तुमच्या दुकानाचा पंप कशाला इकत घेतला? तुमच्या नाकातनं निगती ती हवा पुरली आसती."

मी खेकसायचो, त्या हसायच्या. चार हंगाम असे गेले. मला त्यांची सवय झाली होती, एवढं खरं.

१९९४ च्या जानेवारीत एका बुधवारी पुतळाबाई दिसल्या नाहीत. सोमनाथ ट्रॅक्टर उभा करून दुकानात आला. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील.

"फारुकभाई, जरा अर्धा तास ट्रॉलीकडं बगता का? आईला ताप हाय. ती झोपलीया, म्हणून उठवली न्हाय."

ताप खरा होता. आदल्या दिवशी जरिना त्यांना बघून आली होती, कपाळावर हात ठेववत नव्हता म्हणाली. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात मी अशीच एकदा ट्रॉली सांभाळली होती, कुणीतरी मोळी सैल करून ऊस नेला, आणि सोमनाथच्या मालकानं चार माणसांत मला चोर म्हटलं होतं. ते माझ्या डोक्यात होतंच.

मी म्हटलं, "तुझ्या मालकाला बसव की. मी काय तुमच्या उसाची राखण करायला दुकान टाकलंय?"

सोमनाथ हसला. "बरं, ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि गेला. मला वाटलं, कुणीतरी दुसरं बघेल. चेनला तेल घालता घालता मी मान वर केली तेव्हा ट्रॅक्टर पुलावर चढला होता आणि त्याच्या मागं दोन्ही ट्रॉल्या होत्या.

लोक सांगतात बॉम्बसारखा आवाज झाला. ते खोटं आहे. आधी दगडावर दगड घासल्याचा आवाज आला, मग धूळ उठली, आणि मग खाली पाण्यात ऊस पडतच राहिल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मधल्या कमानीखाली बायका धुणं धूत होत्या. पाच जणी. आबाजींची बायको म्हाळसा, रंगूबाई आणि तिच्या दोन सुना शेवंता आणि हौसा, आणि बौद्धवस्तीतली एकोणीस वर्षांची ज्योत्स्ना. आम्ही संध्याकाळपर्यंत मोळ्या उपसत होतो. हातांना उसाची पाती कापत होती आणि कुणाला काही वाटत नव्हतं. काठावरच्या दगडांवर त्यांनी वाळत घातलेली लुगडी तशीच होती. सगळ्यात शेवटी सोमनाथ सापडला, कारण तो ट्रॅक्टरच्या खाली होता.

पुतळाबाईंना दोघी जणी धरून घेऊन आल्या होत्या. त्या काठावर बसून होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. नंतर सांगणं अवघडच होत गेलं.

चौकशी झाली. साहेब आले, फोटो काढले, गेले. पूल किती जुना, त्याची डागडुजी कुणी करायची होती, हे प्रश्न कागदात राहिले. गावाला एवढं मोठं काही परवडत नाही, गावाला एक माणूस लागतो. तो सोमनाथ झाला. दोन ट्रॉल्या त्यानं नेल्या, हे तर सगळ्यांनी पाहिलंच होतं. मालक म्हणाला, मी त्याला कधीच तसं सांगितलं नव्हतं. जात काढायची कुणाला सोय नव्हती, कारण ज्योत्स्ना त्याच वस्तीतली. वस्तीनंही पुतळाबाईंकडं पाठ फिरवली. ज्योत्स्नाच्या आईनं तर त्यांच्या दारावरून जायचं सोडलं, लांबच्या वाटेनं जायची.

नवा पूल मंजूर होईपर्यंत आम्ही ओढ्यात सिमेंटचे नळे टाकून वर मुरमाचा भराव घालायचं ठरवलं. श्रमदान. ज्याच्याकडं ट्रॅक्टर त्यानं मुरूम आणायचा, बाकीच्यांनी साखळी करून घमेली पुढं द्यायची. पहिल्या सकाळी सगळ्यांच्या आधी पुतळाबाई आल्या. साखळीत उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढची बाई घमेलं घ्यायला वळली, कोण आहे ते बघितलं आणि निघून दुसऱ्या ओळीत गेली. मग मधे जागा रिकामी राहिली. पुतळाबाई भरलेलं घमेलं घेऊन ती चार पावलं चालायच्या, पुढं जमिनीवर ठेवायच्या, परत यायच्या. पंधरा-वीस खेपा मी बघितल्या. मग दुकान बंद केलं आणि त्या रिकाम्या जागेत जाऊन उभा राहिलो.

लोक म्हणाले, फारुक तोंडानं वाईट पण मनानं मोठा. अकरा दिवस भराव चालला आणि अकरा दिवस मी हे ऐकत होतो. मला स्वतःची किळस यायची. पण ऐकत होतो.

दोन वर्षांनी नवा पूल झाला. मग ठरलं, पुलाच्या तोंडाला गेलेल्यांच्या नावाचा दगड बसवायचा. शाळेच्या पटांगणात बैठक झाली. आबाजींनी यादी वाचली. आबाजी वाईट माणूस नाही. म्हाळसा गेल्यापासून तो स्वतः भाकरी थापतो आणि करपलेली खातो, मी बघितलंय. त्यानं पाच नावं वाचली आणि कागदाची घडी घातली.

पुतळाबाई बायकांच्या मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "सहा मेली, आबाजी."

"व्हय. पर ज्यानं मारली त्याचं नाव मेलेल्यांच्या दगडावर कसं घालायचं? तूच सांग."

मला वाटलं आता त्या रडतील, पाया पडतील. त्या पुढं आल्या.

"त्यानं न्हाय मारली. मी मारली. मला ताप-बीप काय नव्हता. रोज ट्रॉलीपाशी बसायचा कटाळा आल्ता. मीच त्याला म्हणलं, मी येत न्हाय, ने दोन्ही एकदम. त्यो न्हाय म्हणत व्हता. मी शिव्या दिल्या म्हणून गेला. दोष लावायचा तर मला लावा, पर लेकराचं नाव घाला."

ताप होता. जरिनाचा हात त्या कपाळावर होता. शिव्याही नव्हत्या, सोमनाथ त्यांना झोपलेलं ठेवून आला होता. तापाचं जरिनालाही माहीत होतं, बाकी सगळं त्या पटांगणात एकट्या मला. जरिनानं बायकांतून माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत बसलो. मूग गिळून बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

आबाजी कागदाची घडी उलगडत बसला. मग म्हणाला, "घाला नाव. सगळ्यांच्या खाली घाला. पर दगड उघडायच्या दिशी हिनं तितं यायचं न्हाय. म्हाळसाच्या नावापुढं मला ही उभी नको."

पुतळाबाई "बरं" म्हणाल्या. तेवढंच.

त्यानंतर गावानं सोमनाथला माफ केलं आणि आईला धरलं. आळशी बाई, कंटाळ्यापायी सहा जीव घेतले. नळावर त्यांची घागर लोक पायानं बाजूला सारायचे.

दगड उघडायच्या दिवशी सगळं गाव पुलावर होतं. स्पीकर लावला होता. मला तिथं उभं राहवेना. मी वस्तीत गेलो. पुतळाबाई दारात बसून ज्वारी निवडत होत्या. मी उंबऱ्याबाहेर बसलो आणि सांगून टाकलं. सोमनाथ माझ्याकडं आला होता, अर्धा तास मागितला होता, मी हाकलला होता. बैठकीत मी बोललो नाही. सगळं.

त्यांचा हात सुपात थांबला.

"काय म्हणला त्यो? आगदी तसंच सांगा."

"आईला ताप हाय म्हणाला. ती झोपलीया, म्हणून उठवली न्हाय."

"झोपलीया म्हणला?"

"हो."

त्यांनी सुपातले दोन खडे वेचून बाहेर टाकले. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी जागी व्हते, फारुकभाई. त्यानं दोनदा हाक मारली. अंगात तरास व्हता, उठावं वाटंना, म्हणून डोळं मिटून पडले. मला वाटायचं, त्याला कळलं. त्याला कळलं आन रागानं त्यानं दोन्ही ट्रॉल्या नेल्या. ही दोन वरसं मी ह्येच धरून बसलीया."

"त्याला कळलं नव्हतं. हसत गेला माझ्याकडनं."

"हसत गेला," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. पूल कोसळला त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. मीही रडलो, लाज कसली.

मी म्हटलं, "मी आत्ता पुलावर जातो आणि सगळ्यांना सांगतो. तुम्हाला बोललेलं एकेकाला परत घ्यायला लावतो."

"अजाबात न्हाय. तुमी सांगितलं की म्हणतील, बाई खोटं बोलली. परत बैठक बसंल. परत त्याचं नाव काढायचं का ठिवायचं ह्यावर चार लोक बोलतील. मला ते ऐकवायचं न्हाय. मला काय म्हणत्यात ते म्हणू द्या."

तेवढ्यात स्पीकरवर आबाजींचा आवाज आला. नावं वाचायला सुरुवात झाली. म्हाळसा. रंगूबाई. शेवंता. हौसा. प्रत्येक नावानंतर थोडं थांबत होते, फुलं वाहत असतील. ज्योत्स्ना. पुतळाबाईंनी सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडून बसल्या.

स्पीकर खरखरला. मग मास्तर म्हणाले की आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं, आणि सगळं शांत झालं.

त्या हात जोडून तशाच बसल्या होत्या. दोन मिनिटं झाली, स्पीकरवर चहाचं सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी हात खाली घेतले.

सोमनाथचं नाव घेतलंच नव्हतं. मी ताडकन उठलो.

"बसा, फारुकभाई," त्या म्हणाल्या. "दगडावर तर हाय न्हवं? वाचंल कवातरी कोन."

मी बसलो. पुतळाबाईंना जाऊन आता वर्ष होईल. त्यांनी बसा म्हटलं म्हणून बसलो, असं मी जरिनाला सांगितलंय. खरं तर त्या मला थांबवतायत याचं मला बरं वाटलं होतं.