अर्ध्या तासाची खिचडी

मी जेलमध्ये सात वर्षं काढली. दिराच्या डोक्यात मुसळ घातलं ते माझ्याच हातांनी, आणि तो मेला. का घातलं ते मी कोर्टात सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि शिक्षा कमी दिली. ती भोगून मी बाहेर आले. त्यामुळे कोणी माझ्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं तर वाईट वाटतं, पण राग येत नाही. राग येतो तो ज्यांनी काहीच केलेलं नाही त्यांनाही लोक माझ्याच रांगेत उभं करतात तेव्हा.

गोंदियात एका राईस मिलच्या मागे आमची खोली आहे. आम्ही चौघी, चौघीही आत राहून आलेल्या. एखादी बाई सुटणार असली की आमच्यातली एक जण नव्या चपला घेऊन फाटकाशी उभी राहते. पुढे आधार कार्ड, रेशन कार्डातून कापलेलं नाव, ठाण्यातल्या चकरा, आणि मग गावात पहिल्यांदा शिरणं. या सगळ्याला आम्ही सोबत जातो. गावात शिरणं सगळ्यात कठीण. ठाण्यात निदान बस तरी म्हणतात.

अशीच एक बाई सुटली. सौंदडला उतरून पुढे जावं लागतं अशा एका गावची. पूर्वी गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. एका दुपारी नवरा जेवून उठला, ओकायला लागला आणि संध्याकाळपर्यंत गेला. सासूने तक्रार दिली की सुनेने जेवणातून विष घातलं. चार वर्षं ती कच्ची कैदी म्हणून आत राहिली. तपासणीचा अहवाल कोर्टासमोर आला तेव्हा त्यात विषाचं नावही नव्हतं. निर्दोष म्हणून सोडलं. चार वर्षं कोणी परत दिली नाहीत, आणि आमचं चुकलं असंही कोणी म्हटलं नाही.

ही चार वर्षं ती आत काय करत होती, सांगू? स्वयंपाक. अख्ख्या बायकांच्या बराकीचा. माझी शेवटची दीड वर्षं मीही तिच्याच हातचं खाल्लं आहे. सरकारच्या कागदावर विष घालणारी बाई, आणि सरकारच्याच चुलीवर तिच्या हातची भाजी. पहाऱ्यावरच्या शिपाई बायका घरचे डबे बाजूला ठेवून तिच्याकडून वांग्याची भाजी मागून घ्यायच्या. कोणाला काही झालं नाही आणि कोणी काही विचारलंही नाही.

सुटल्यावर ती गावातच राहिली, शाळेजवळच्या एका खोलीत. मी म्हटलं, गोंदियाला ये, इथे काम मिळेल. ती म्हणाली, "बाई, कामासाठी नाई राहून राहिली मी. पोट्टी आजीजवळ आहे. आजीनं तिले शिकवून ठेवलं, मायच्या हातचं खाऊ नोको म्हणून. घरी तर मले दारातच उभी करते. पण पोट्टी शाळेत जेवते. माह्या हातचा घास तिच्या पोटात जावा, बस."

पोरगी सहावीत होती. शाळेतली खिचडीवाली काम सोडून गेल्यामुळे जागा रिकामी होती. तिने अर्ज केला आणि शाळेच्या समितीने आम्हाला बोलावलं.

इथे माझी चूक सांगते. जेलमध्ये गिनतीच्या वेळी जोडीने बसवतात, दोन-दोन, म्हणजे मोजायला सोपं पडतं. बाहेर येऊन कितीही वर्षं झाली तरी ते अंगातून जात नाही. शाळेच्या व्हरांड्यात अध्यक्ष "बसा" म्हणाले, आणि बाजूला सतरंजी पसरलेली असताना आम्ही चौघी आणि ती भिंतीला लागून दोन, दोन आणि मागे एक अशा बसलो. हात गुडघ्यांवर. कोणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. पण उठून दुसरीकडे बसायचं धैर्य झालं नाही. तसं बसलं की तोंडातून एकच शब्द निघतो.

अध्यक्ष म्हणाले, "कोर्टानं सोडलं, ते आम्ही मानतो. पण गावाचं तोंड कोण धरणार? पोट्टे तिच्या हातचं खातीन काय?"

हेडमास्तर गोंदियाचे, समजूतदार दिसायचे. त्यांनी तोडगा काढला. जेवण वाटण्याआधी अर्धा तास ते चाखून पाहायचं असा नियमच आहे. शिक्षक चाखतात, वहीत सही करतात. "तर काही दिवस या बाईच चाखतील. सगळ्यांसमोर. अर्धा तास बसतील, मग वाढू. लोगों का डर निकल जाएगा. ठीक है ना, ताई?"

मी म्हटलं, "हो साहेब."

न विचार करता म्हटलं. आत आधी हो म्हणायचं असतं, काय विचारलं ते नंतर कळून घ्यायचं असतं. खोलीत येऊन चहा ठेवला तेव्हा मला कळलं मी काय कबूल केलं ते. कोर्टाने निर्दोष सोडलेल्या बाईवर मी स्वतःच्या तोंडाने नवा खटला लावून आले होते, रोज अर्ध्या तासाचा.

पहिल्या दिवशी मी गेले होते. मुगाची खिचडी, वर फोडणीचं तेल. तिने ताटलीत वाढून घेतली आणि व्हरांड्याच्या मधोमध बसून खाल्ली. समोर समिती, फाटकाशी आयाबाया, आणि पंगतीत बसलेली पोरं. सगळे तिच्या तोंडाकडे आणि तिच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे आळीपाळीने पाहत होते. ती मेली नाही. अर्धा तास झाल्यावर अध्यक्षांनी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही वाजवली, जणू ती परीक्षेत पास झाली. मी वाजवली नाही. मुसळ उचललेले ते हात मी पदरात गुंडाळून ठेवले.

मग वाढप झालं. पोरांनी बकाबका खाल्लं. काही दोनदा मागायला आली. तिची पोरगी मात्र ताटलीसमोर तशीच बसून राहिली. शेजारच्या मुलीचं जेवण संपलं. पोरगी घड्याळाकडे पाहत होती. तिने आपला स्वतःचा अर्धा तास मोजला, आणि मग थंडगार खिचडी खाल्ली.

आई स्वयंपाकघराच्या दारात पळी धरून उभी होती. मला म्हणाली, "खाल्लन ना, बाई. खाल्लन."

काही दिवसांचे काही महिने झाले. मी चौकशी करायचे तेव्हा कळायचं, अजून तीच चाखते. गावाचं भय केव्हाच गेलं होतं, सरपंचाच्या घरचे नातूही तिच्या हातचं खात होते, पण रीत पडली ती पडली. शेवटी मी एकटीच गेले. या वेळी खुर्चीवर बसले. हेडमास्तरांना म्हटलं, "सर, नियमात शिक्षकाने चाखायचं लिहिलं आहे. स्वयंपाकीण आरोपी आहे असं कुठे लिहिलं आहे ते दाखवा."

ते म्हणाले, "ताई, कबूल तर तुम्हीच केलं होतं."

"केलं होतं. सात वर्षं मी सगळंच कबूल करायला शिकले. आज ते परत घेते."

त्यांनी चाखण्याची वही काढली. मग उठले, स्वयंपाकघरात गेले, स्वतः चमचाभर खाल्लं आणि वहीत सही केली. त्या दिवसापासून तेच चाखतात. माणूस वाईट नव्हता. गरीब गाईला दावं सगळेच लावतात, त्यांनीही लावलं होतं.

पण पोरीचं घड्याळ पाहणं थांबलं नाही; वाढल्यावर अर्धा तास होईपर्यंत ती घास तोंडात घालत नव्हती. मी हेडमास्तरांना म्हटलं, ते घड्याळ तिथून काढा.

"त्या घड्याळाची काय चूक, ताई?"

मी म्हटलं, "त्या बाईची तरी काय होती?"

घड्याळ अजून तिथेच आहे. शाळेला घड्याळ लागतंच, तेही मला कळतं. परवा पोरीच्या आईचा फोन आला. आवाज इतका हसरा होता की मला वाटलं, सासूने घरात घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "पोट्टी आता वीस मिनिटावर आली."

मी "बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवला. ती हे आनंदाने सांगत होती, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.