जो खेळलाच नाही त्याचे तीन गोल

आमच्या कंपनीचा फुटबॉल संघ होता, आणि त्या संघामागे वेडे झालेले आम्ही तीस-चाळीस जण होतो. मी स्वतः कधी बॉलला पाय लावला नाही. मी टर्नर. पहिली पाळी सुटली की सायकल काढायची, पिंपरीहून हायवे धरून खडकीचं मैदान गाठायचं आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं, एवढंच माझं काम. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट आहे. हायवेवर तेव्हा चार सायकली शेजारी शेजारी लावून गप्पा मारत जाता यायचं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पुण्याचा पेपर यायचा. क्रिकेटला अर्धं पान आणि आम्हाला कोपऱ्यात चार-सहा ओळी. त्यातही चुका. डाव्या बगलेवर खेळणारा आमचा गडी उजवीकडे जायचा. एकदा आमचा गोल शेजारच्या कंपनीच्या नावावर लागला. एकदा तर गुडघा सुजून घरी पडलेल्या आमच्या सेंटर फॉरवर्डनं चपळ खेळ केल्याचं छापून आलं. त्याला आम्ही महिनाभर 'चपळ' म्हणूनच हाक मारली. तोवर आम्ही हसत होतो.

आमचा गोलकीपर माझ्याच खोलीत राहायचा. चाकणच्या पुढे आडबाजूला त्याचं गाव, घरी कांदा-बटाट्याची शेती. गडी उंच, रुंद हाडाचा आणि बोलायला अगदी कमी. त्याच्या वडलांना हा खेळ मुळीच पसंत नव्हता. कंपनी तुला बॉल अडवायचा पगार देती का, असं ते त्याला विचारायचे. पण एकदा चाकणच्या बाजारात कांदा घातला आणि घरी जायच्या ऐवजी म्हातारा एसटीनं थेट खडकीला आला. फेटा, धोतर, खांद्यावर रिकामं पोतं. तो आमच्यातच येऊन बसला. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरानं आडवी उडी मारून एक बॉल बाहेर काढला तेव्हा त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि हळूच म्हणाला, "ह्यो माजा हाय."

त्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीत पोचलो. सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी गावाकडचा माणूस गेटवर निरोप घेऊन आला की म्हाताऱ्याचं काही खरं नाही. गोलकीपरनं तिथूनच रजा टाकली. खोलीवर येऊन आपली जर्सी आणि नी-कॅप काढून माझ्याकडे दिल्या, बदली गड्याला दे म्हणाला, आणि एसटीला गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे वडील वारले. दुपारी ऊन कलायच्या आत गावानं त्यांना स्मशानात नेलं, आणि यानं अग्नी दिला. त्याच सुमाराला आम्ही खडकीला मैदानावर होतो.

बदली गोलकीपर पेंट शॉपमधला होता. बिचारा मोठ्या सामन्यात पहिल्यांदाच उभा राहत होता. त्यानं जिवाचं रान केलं, तरी आम्ही तीन-एकनं हरलो. समोरचा संघ आमच्यापेक्षा चांगला होता, हे आम्हीही कबूल केलं. पेपरचा बातमीदार मंडपात खुर्चीवर बसला होता. मध्यंतराला त्यानं चहा घेतला आणि स्कूटरवर बसून निघून गेला. तो जाताना मी डोळ्यांनी पाहिला.

सकाळी पेपर आला. गोलकीपरच्या ढिसाळपणामुळे संघाला तीन गोल पत्करावे लागले, असं लिहिलं होतं. पुढे होतं की त्याचं चित्त खेळात नव्हतं. आणि नाव छापलं होतं आमच्या गोलकीपरचं. आडनावासकट, पूर्ण.

कँटीनमध्ये कुणी हसलं नाही. पेंट शॉपमधल्या त्या पोरानं पेपर वाचला, नाश्त्याची बशी तशीच ठेवली आणि उठून गेला.

तिसऱ्या दिवशी सावडायला आम्ही चौघं गेलो. राख सावडून झाली, माणसं ओढ्याकाठी बसली होती. आमच्या गोलकीपर मित्राचं डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. त्याची बहीण तळेगावच्या पलीकडे दिलेली. तिकडं निरोप उशिरा गेला म्हणून तिच्या सासरचे लोक अग्नी द्यायच्या वेळी नव्हते, आदल्या दिवशी सकाळी पोचले होते. येताना तळेगावच्या स्टँडवर त्यांनी पेपर पाहिला होता. बहिणीच्या सासऱ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "बाप सरणावर व्हता आन् तुमी बॉल खेळत व्हता म्हनं?"

गावचे लोक एकदम बोलू लागले. आवो, त्यानंच अग्नी दिला, आमी सारी हुतो तिथं, असं पाच-सहा जणांनी सांगितलं. आम्हीही सांगितलं की आम्ही मैदानावर होतो, हा नव्हता. सासऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पेपरात छापलंय. ते काय उगाच छापत्यात व्हय?" आपल्या गावचा माणूस म्हणून गाव पांघरूण घालतंय, आणि आपला गडी म्हणून आम्हीही, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. बहीण खाली मान घालून बसली होती. मित्र फक्त एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

मला नाही राहू देता आलं. दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून आम्ही तिघं पुण्यात त्या पेपरच्या कचेरीत गेलो. बातमीदार टेबलाशी बसला होता. वयानं आमच्याएवढाच, सभ्य, शांत. त्यानं आम्हाला बसा म्हटलं. मी त्याला सगळं सांगितलं: वडील कधी गेले, अग्नी कुणी दिला, सावडायला काय झालं. त्यानं मान हलवली आणि सांगितलं की मागच्या सामन्याच्या बातमीत जे नाव होतं तेच त्यानं घेतलं. निकाल त्याला रात्री फोनवर कळला. त्या संध्याकाळी त्याला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.

"मग त्याचं चित्त खेळात नव्हतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तीन गोल झाले म्हणजे तसंच असणार."

माझा हात टेबलावर आपटला. शाईची दौत कलंडली. सोबतच्यांनी मला मागं ओढलं. आतून एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी आमचं ऐकलं आणि दुरुस्ती छापू असं सांगितलं. जाताना म्हणाले की एवढ्याशा बातमीवर इतकं चिडू नये, कुस्त्यांच्या निकालात तर याहून मोठ्या चुका होतात. हे ते आमची समजूत काढायला सांगत होते.

दुरुस्ती छापून आली. आमचा गोलकीपर त्या सामन्याला गैरहजर होता आणि त्याच्या गैरहजेरीचा संघाला फटका बसला, असं तिच्यात म्हटलं होतं. वडलांचं नाव नाही. आपण खोटं छापलं हेही नाही. आधी ढिसाळ होता, आता गैरहजर झाला. तीन गोल काही केल्या त्याच्या खात्यावरून हलायला तयार नव्हते. तरी मी तो पेपर घेऊन तळेगावला जायला निघालो होतो. मित्रानं अडवलं. म्हणाला, तिकडं हे वाचून दाखवलंस तर बहिणीला आणखी ऐकावं लागेल. तिनं ते तसंही बरीच वर्षं ऐकलं. दिवाळीला भाऊ न्यायला आला की सासरा विचारायचा, यंदा मॅच न्हाई व्हय?

पुढच्या मोसमात तो परत गोलमध्ये उभा राहिला. पहिल्याच सामन्याला तोच बातमीदार मंडपात दिसला. मध्यंतराला तो स्कूटरच्या किल्ल्या काढत उठला, तेव्हा आम्ही वीस-पंचवीस जण त्याच्या खुर्चीभोवती उभे होतो. कुणी अंगाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. मी त्याला म्हणालो, "बसा साहेब. अजून अर्धा खेळ व्हायचाय."

तो बसला. शेवटची शिट्टी होईपर्यंत आम्ही त्याच्यामागून हललो नाही. गोल कुणी केला, पास कुणी दिला, हे आमच्यातला एक जण त्याच्या कानाशी नावानिशी सांगत होता. त्या दिवशी आम्ही दोन-एकनं जिंकलो. मित्रानं पेनल्टी अडवली.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्या सामन्याची एक ओळही नव्हती. मी पान उलटंसुलटं केलं, आतली पानंही पाहिली. कँटीनमधल्या काही जणांचं म्हणणं पडलं की हे तुमच्या दांडगाईमुळे झालं, आता ते आपलं कधीच छापणार नाहीत. मी त्यांच्याशी भांडलो. आवाज इतका चढला की फोरमन उठून आला.

मित्र शेजारीच बसून उपमा खात होता. मी पेपर त्याच्यापुढं आदळला. त्यानं तो बाजूला सारला आणि म्हणाला, काल तो एक गोल झाला ना, कॉर्नरवरचा, मी आधीच पुढं यायला पाहिजे होतं.